ऑक्सिजन ९९, तरी भोवळ का?

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५७. तीन महिन्यांपासून रोज सकाळी गच्चीवर मोबाइल लावून भस्त्रिका (जोरजोरात श्वास घ्यायचा-सोडायचा प्राणायाम) करते. दहा मिनिटं, न थांबता. हल्ली चार-पाच मिनिटांतच बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. परवा तर भोवळ आली आणि कठडा धरावा लागला. ग्रुपमधल्या मैत्रिणी म्हणतात, अंगात ऑक्सिजन खेळायला लागलाय, चालू ठेव. घरात कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर आहे. सुरू करण्याआधी ते ९७ दाखवतं, मुंग्या येत असताना ९९. मग ऑक्सिजन वाढूनही चक्कर कशी?

आमचे हे ६४ वर्षांचे. तीस वर्षं सिगारेट ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. जिना चढला की धाप लागते. डॉक्टरांनी पंप दिलाय, पण ‘सवय लागेल’ म्हणून घेत नाहीत. त्यांनाही मी गच्चीवर नेलं, तर दोन मिनिटांत ‘श्वास अडकला’ म्हणून खालीच बसले. शेजाऱ्यांकडे ऑक्सिजनचं मशीन पडून आहे. ते थोडा वेळ लावलं तर चालेल का? शिवाय, श्वास जितका वेळ रोखता येतो तितकी फुफ्फुसं चांगली, असा एक मेसेज फिरतोय. नातू सुट्टीत गावच्या विहिरीवर हेच करून दाखवत असतो. खरं काय?

– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, नमस्कार.

कारणं नंतर सांगते, आधी दोन गोष्टी ऐका. उद्या गच्चीवर जाल तेव्हा भस्त्रिका करू नका, आणि शेजाऱ्यांचं मशीन शेजाऱ्यांकडेच राहू द्या.

‘ऑक्सिजन वाढूनही चक्कर कशी?’ हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. मी बरीच वर्षं मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि हाच प्रश्न तोंडी परीक्षेत टाकला की निम्मा वर्ग छताकडे बघायचा. तुम्ही मात्र आकडे टिपून, मैत्रिणींच्या उत्तरावर शंका घेऊन लिहिलंय.

ऑक्सिमीटरवरचा ९७ म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन जितका ऑक्सिजन उचलू शकतं, त्यातला ९७ टक्के त्याने आधीच उचललेला आहे. हंडा काठोकाठ आहे. वरून नळ कितीही जोरात सोडला तरी आणखी दोन थेंब मावतील, बाकीचं सांडेल. तुमचे ते ९७चे ९९ म्हणजे हे दोन थेंब. दहा मिनिटांच्या मेहनतीत ऑक्सिजनची कमाई इतकीच. पण त्याच दहा मिनिटांत शरीरातून कार्बन डायऑक्साइड भसाभस निघून गेला, आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. ते यंत्र फक्त ऑक्सिजनचं बघतं.

शाळेत आपल्याला शिकवलं, ऑक्सिजन चांगला आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे केरकचरा. परीक्षेपुरतं ठीक आहे. प्रत्यक्षात आपला श्वास किती जोरात आणि किती वेळा चालावा, हे एरवी ठरतं ते मुख्यतः या ‘कचऱ्या’वर. १९०५ साली इंग्लंडमध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी माणसांना लांब नळीतून जोरात उच्छ्वास टाकायला लावला आणि त्या उच्छ्वासाच्या अगदी शेवटच्या हवेचे नमुने घेतले. शेवटची हवा म्हणजे फुफ्फुसाच्या खोलातून, वायुकोश नावाच्या बारीक पिशव्यांतून आलेली. त्यांना दिसलं, की तिथला कार्बन डायऑक्साइड शरीर अगदी काटेकोर सांभाळतं. वातावरणाच्या दाबाच्या अवघ्या ०.२ टक्क्यांनी तो वाढला, तरी तिथपर्यंत खेळणारी हवा दुप्पट होते. आपल्या मानेच्या वर, मेंदूच्या बुंध्याशी असलेलं केंद्र दिवसरात्र हा हिशेब ठेवत असतं. दर काही मिनिटांनी ते आपल्याला नकळत एक मोठा सुस्कारा टाकायला लावतं, कारण संथ श्वासात फुफ्फुसातले काही वायुकोश हळूहळू मिटत जातात आणि त्या एका मोठ्या श्वासाने ते पुन्हा उघडतात. घरात कुणी सुस्कारा टाकला की आपण लगेच ‘काय झालं?’ विचारतो. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं.

आता तुमच्या गच्चीवरचा हिशेब मांडू. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. मिनिटाला १२ श्वास धरले तर झाले सहा लिटर. पण हे सहाच्या सहा लिटर कामाला येत नाहीत. तुमच्याकडे सोलर असेल तर पटकन कळेल. नळ सोडला की आधी पाइपात पडून राहिलेलं गार पाणी येतं, मग गरम. तसंच नाक, घसा आणि श्वासनलिका मिळून साधारण १५० मिलिलिटर जागा नुसत्या पाइपाची आहे. तिथे रक्ताशी देवाणघेवाण होत नाही. श्वास घेताना आधी त्या पाइपात उरलेली, नुकतीच वापरलेली हवा आत जाते आणि मगच ताजी. म्हणजे ५०० मधले ३५०च नवे. मिनिटाचा खरा व्यवहार ४.२ लिटरचा.

भस्त्रिकेत तुम्ही, समजा, मिनिटाला ३० श्वास घेताय आणि प्रत्येक लिटरभर. पाइपाचे १५० वजा केले तरी ८५० गुणिले ३०, म्हणजे २५ लिटरहून जास्त. नेहमीच्या सहापट. पळत असता तर हे योग्यच होतं, कारण पायांच्या स्नायूंनी कार्बन डायऑक्साइडही तितकाच तयार केला असता. तुम्ही मात्र चटईवर मांडी घालून बसलेल्या. तयार होतोय थोडा, बाहेर जातोय सहापट वेगाने. मग रक्तातला साठा झरझर उतरतो.

तो उतरला की तीन गोष्टी होतात आणि त्यातल्या दोन तुम्हाला थेट जाणवल्यात. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. तो निम्म्यावर आला तर मेंदूकडे जाणारं रक्त तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त घटतं. ऑक्सिजनने भरलेलं रक्त आहे, पण ते पोचतंच कमी. ही तुमची भोवळ. दुसरं, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि त्यात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटून बसतं. मोकळं कॅल्शियम कमी झालं की मज्जातंतू उगाच चेतवले जातात. या ओठांभोवतीच्या आणि बोटांच्या मुंग्या. पुढे गेलात तर बोटं वाकडी होऊन आखडतात. (यावर कॅल्शियमची गोळी हा उपाय नाही. कॅल्शियम शरीरात तेवढंच आहे, फक्त बांधलं गेलंय.) आणि तिसरं, अशा रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज सोडत नाही. ही गोष्ट १९०४ साली डेन्मार्कच्या ख्रिस्तियान बोर यांनी दाखवली. अणूवाल्या नील्स बोर यांचे हे वडील. म्हणजे आकडा ९९ आणि पेशी मात्र थोड्या उपाशी. मैत्रिणी ज्याला ऑक्सिजन खेळणं म्हणतायत, तो खरं तर ऑक्सिजन अडकणं आहे.

मी योगाच्या विरोधात नाही. भस्त्रिका थोड्या आवर्तनांची, मध्ये विसावा घेत, समोर जाणकार शिक्षक असताना करायची गोष्ट आहे. मोबाइल तुमचा चेहरा बघत नाही, म्हणून तो ‘आता थांबा’ म्हणत नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. मुंग्या सुरू झाल्या की थांबायचं, बसायचं, तोंड मिटून नाकाने हळूहळू श्वास घ्यायचा. पाच-दहा मिनिटांत सगळं जागेवर येतं. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय कुणी सांगेल, तो करू नका. कारण दमा किंवा हृदयाचं दुखणं असलं तर तो अंगाशी येतो. आणि मुंग्या किंवा चक्कर एरवी, बसल्याबसल्याही येत असतील, तर भस्त्रिकेवर खापर न फोडता साखर, बी-१२ आणि रक्तदाब तपासून घ्या.

आता तुमच्या ह्यांच्याकडे वळते. त्यांची गोष्ट अगदी उलटी आहे. तुमची हवा फार बाहेर जात होती, त्यांची बाहेर पडत नाहीये.

घरात औषधाच्या बाटलीबरोबर आलेली, सुई नसलेली पिचकारी असेल, ती हातात घ्या. दट्ट्या मागे ओढा. हवा आत कुणी ढकलली? कुणीच नाही. जागा वाढली, आतला दाब कमी झाला, बाहेरची हवा आपण होऊन शिरली. छातीत हा दट्ट्या म्हणजे श्वासपटल. फुफ्फुसांच्या खाली घुमटासारखा पसरलेला पातळ स्नायू. तो आकसला की घुमट सपाट होतो, साध्या श्वासात एक-दोन सेंटिमीटर खाली सरकतो आणि पोटातल्या आतड्या-जठराला पुढे लोटतो. पोट फुगतं ते त्यामुळे, पोटात हवा जाते म्हणून नव्हे. श्वास घ्यायला असे कष्ट पडतात. शांत श्वास सोडायला मात्र काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुफ्फुस रबरासारखं आपोआप आकसतं.

तीस वर्षांच्या धुराने सहसा नेमकं हे रबर जातं. फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांना स्वतःची कडक भिंत नसते. भोवतालचे लवचिक तंतू त्यांना चहूबाजूंनी ओढून उघड्या धरतात. तंतू झिजले, नळ्या आतून सुजल्या, की श्वास घेताना त्या उघडतात आणि सोडताना मिटतात. जितका जोर लावून फुंकाल तितक्या लवकर मिटतात. हवा आत अडकते. त्या अडकलेल्या हवेवरच पुढचा श्वास, त्यावर आणखी एक. तुम्ही एसटी स्टँडवर पाहिलंच असेल. उतरणारे उतरायच्या आधीच चढणारे दारात घुसतात, मग ना कुणी उतरू शकत ना चढू. ‘श्वास अडकला’ हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. गच्चीवरच्या त्या वेगात त्यांना श्वास सोडायला वेळच मिळाला नाही. छाती भरलेलीच राहिली, श्वासपटल सपाट झालं, आणि आधीच पूर्ण ओढलेला दट्ट्या आणखी किती ओढणार?

त्यात पाइपाचा हिशेब पुन्हा आड येतो. धाप लागलेला माणूस मिनिटाला २८ वेळा २५०-२५०चे उथळ श्वास घेत असेल, तर एकूण हवा सात लिटर. ऐकायला भरपूर. त्यातून १५० वजा करा, १०० गुणिले २८, कामाचे उरले २.८ लिटर. तेच सात लिटर १४ श्वासांत, ५००-५००चे घेतले तर कामाचे ४.९ लिटर. मेहनत जवळपास तीच, मिळकत पावणेदोनपट.

म्हणून त्यांना एकच गोष्ट शिकवा. मला ती पुस्तकाआधी वॉर्डातल्या एका आजोबांनी शिकवली. खाटेवर पुढे वाकून, समोरच्या टेबलावर कोपर टेकून बसलेले. मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे ताणलेले, आणि ओठांचा चंबू करून ते हळूच फुंकत होते. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाले, ‘कोन सांगनार? असं केलं की बरं वाटतं.’ बशीत ओतलेला चहा निववताना आपण जशी फुंकर घालतो, तशी ती होती. जोराची नाही, नाहीतर चहा सांडतो. ओठांपाशी असा अडसर ठेवला की आतल्या बारीक नळ्यांत थोडा दाब टिकून राहतो, त्या लवकर मिटत नाहीत, आणि अडकलेली हवा बाहेर यायला सवड मिळते. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास आत, मग चार अंक मोजेपर्यंत ही बशीतली फुंकर. जिना चढताना तर मुद्दाम करायला सांगा. श्वास घेताना थांबायचं, फुंकर घालताना एक-दोन पायऱ्या चढायच्या. बहुतेक लोक पायरीवर जोर लावताना श्वास दाबून धरतात आणि वर पोचून हाशहुश करतात.

पंपाबद्दल. सवय लागत नाही हो. साध्या आकड्यांनी सांगते : साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्याच औषधाची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकी. पंपाने थोडंसं औषध थेट नळ्यांत जातं, गोळीने भरपूर औषध अंगभर फिरून थोडं तिथे पोचतं. लोक गोळी बिनघोर घेतात आणि पंपाला घाबरतात, हे मला कधीच उमगलेलं नाही. त्यांना नेमका कुठला पंप दिलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही रोजचे असतात, काही धाप लागल्यावरचे. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. फवाऱ्याचा पंप असेल तर तो स्पेसर (पंपाच्या तोंडाला बसवायची पोकळ नळी) लावून घ्यावा, नाहीतर बरंचसं औषध घशावरच बसतं. औषध आत घेतल्यावर श्वास दहा सेकंद रोखायचा, म्हणजे ते खाली बसतं. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची.

मशीन नको म्हटलं त्याचं कारण असं. अशा फुफ्फुसाच्या काही रुग्णांना जादा ऑक्सिजन दिला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. माणूस गुंगतो, झोपाळतो, आणि घरच्यांना वाटतं, बरं वाटलं म्हणून झोप लागली. हॉस्पिटलातसुद्धा अशा रुग्णांना ऑक्सिजन देताना आकडा सहसा ८८ ते ९२च्या मध्ये ठेवतात, ९९वर नेत नाहीत. आणि ज्याचा ऑक्सिजन कमी नाहीच, त्याची धाप मशीनने जात नाही. तुम्ही तुमचा आकडा लिहिलात, त्यांचा लिहिलाच नाही! निवांत बसलेले असताना आणि जिना चढून आल्यावर, असे दोन्ही घ्या. बोट गार नको, मेंदी किंवा नेलपॉलिश नको (हे तुमच्यासाठी), आणि आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबा.

बसल्या जागी धाप, ओठ निळसर, छातीत दुखून घाम, थुंकीत रक्त, एकच पाय सुजणं, किंवा एकाएकी गुंगी, यातलं काहीही दिसलं तर माझ्या सदराची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा.

श्वास रोखायच्या मेसेजचं उत्तर छोटं आहे. तो खोटा आहे. श्वास किती वेळ रोखता येतो ते साठलेला कार्बन डायऑक्साइड सोसण्याच्या सवयीवर आणि हट्टावर बरंचसं अवलंबून असतं. धडधाकट फुफ्फुसाचा घाबरट माणूस पंधरा सेकंदांत हरतो आणि आजारी फुफ्फुसाचा जिद्दी माणूस अर्धा मिनिट काढतो.

पण नातवाची विहीर मला त्या मेसेजपेक्षा जास्त काळजीची वाटते. पाण्याखाली जास्त वेळ राहायचं म्हणून मुलं आधी दहा-पंधरा जोरदार श्वास घेतात. वर सांगितलं तेच इथे होतं : ऑक्सिजन जवळपास वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. ‘आता वर ये’ असं सांगणारी घंटा तोच तर वाजवतो. घंटा वाजायला उशीर होतो, तोवर ऑक्सिजन संपत आलेला असतो, आणि मुलगा कासावीस न होता, हातपाय न मारता शुद्ध हरपतो. वर उभ्या असलेल्यांना वाटतं, अजून टिकलाय गडी. चांगल्या पोहणाऱ्यांचा जीव असा गेलेला आहे. त्याला ओरडू नका, पण हे कारणासकट सांगा. त्याच्या वयाच्या मुलांना कारण दिलं की पटतं. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारायची नाही, आणि पाण्याखाली टिकण्याची पैज लावायची नाही.

सकाळी गच्चीवर जाणं मात्र सोडू नका. दोघांनी बसा. एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हात आधी हलला पाहिजे. नाकाने सावकाश श्वास आत, त्याहून सावकाश बाहेर, मिनिटाला सहा-आठ श्वास पुरेत, ह्यांना जमतील तितके. ओंकार म्हणत असाल तर उत्तमच, कारण तो म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच आहे. ‘फुफ्फुस पूर्ण रिकामं करा’ असं मोबाइल सांगत असेल तर हसून सोडून द्या. कितीही पिळलं तरी लिटरभराहून जास्त हवा आत राहतेच, आणि ती राहावी म्हणूनच सगळी रचना आहे.

ह्यांची स्पायरोमेट्री झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या. नळीत जोरात फुंकायचं असतं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पूर्ण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे त्यात कळतं. पंप दिल्यानंतरही ते प्रमाण ७० टक्क्यांखाली असेल तर नळ्या अरुंद आहेत असं धरतात. कागद मिळाला की आकडे मला लिहून पाठवा, आणि पंप देण्याआधीचे कुठले व नंतरचे कुठले, तेही लिहा.